तुझ्या डिटेक्टिव्हला आधी नोकरी दे

अनेक आशीर्वाद.

तुझ्या रहस्यकादंबरीची पाचही प्रकरणं एका बैठकीत वाचली. नायिकेचं बाईवर प्रेम आहे, हे तू पाचव्याच्या शेवटी धक्का म्हणून राखून ठेवलंयस. ते पहिल्या पानावर आण, तेही जाता जाता, ती चहा किती गोड पिते हे सांगावं तसं. रहस्य खुनाचं असू दे.

या वाटेवर तू पहिली नाहीस. एम. एफ. बील यांच्या कादंबरीतली लेस्बियन डिटेक्टिव्ह १९७७ मध्येच येऊन गेली. १९८४ मध्ये कॅथरिन फॉरेस्ट यांनी केट डेलाफिल्ड आणली, लॉस एंजेलिस पोलिसांतली. तिची जोडीदार मोटार अपघातात गेलेली आणि ठाण्यात कुणापाशी रडायची सोय नाही. दिवसभर लोकांची गुपितं उपसायची, स्वतःचं मात्र गिळून बसायचं. याउलट १९८७ मधली व्हॅल मॅकडर्मिड यांची लिंडसे गॉर्डन, पेशाने पत्रकार, तोंडाने फटकळ, ती लपवत नाही. साक्षीदारासमोर बसल्यावर या दोघींचे प्रश्नच वेगळे निघतात. तुझी नायिका कोणत्या जातकुळीची, ते आधी ठरव. (पुरुष डिटेक्टिव्हला सहसा कुणी ‘लग्न कधी?’ असं विचारून भंडावत नाही. तुझ्या नायिकेला प्रत्येक साक्षीदार विचारणार. त्याचा फायदा घे.)

पणजीत ऑफिस थाटलेली खासगी डिटेक्टिव्ह मला पटली नाही. खुनाच्या जागी पोलीस तिला उंबरा ओलांडू देणार नाहीत. पंचनामा होतो, प्रेत बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातं, संपलं. तिला म्हापशाच्या एखाद्या वकिलाकडे ज्युनिअर कर, इन्व्हेंटरीच्या कामात मुरलेली. वारस कोर्टात गेले की मयताची एकूण एक चीज यादीत चढते. लोकांची कपाटं उघडणं हेच तिचं काम.

आणि इथेच तुला गोव्याचा खून मिळतो, मुंबईचा नव्हे. पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेतून आलेला आपला वारसा कायदा, आता २०१२ च्या कायद्यात असलेला, मुलांचा निम्मा वाटा राखून ठेवतो. कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांशिवाय आईला मुलाला पूर्ण डावलता येत नाही. उरलेल्या निम्म्याचं मृत्युपत्र करता येतं. आता समज, डिचोलीकडच्या जुन्या घरात एक विधवा मेली. मुलगा परदेशी, आणि घरात वीस वर्षं सोबत राहिलेली बाई. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची टांगती तलवार सप्टेंबर २०१८ मध्ये गेली, पण लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला नाही. म्हणजे कागदावर ही सोबतीण परकीच. पोलीस म्हणणार, घरासाठी मारलं. पण मृत्युपत्र झालेलंच नसेल तर? मग म्हातारी गेल्याक्षणी सोबतीण रस्त्यावर. म्हातारीला जिवंत ठेवण्यात सगळ्यांत जास्त हित कुणाचं, हे पोलिसांना दिसत नाही. त्यांच्या लेखी सोबतीण म्हणजे मोलकरीण. तुझ्या नायिकेला दिसतं, कारण उद्या तिच्या स्वतःच्या घरात हेच होऊ शकतं.

हे तिच्या तोंडून भाषणात वदवू नकोस. यादी करताना दाखव. पंचनाम्यात ‘शयनगृहे दोन, पलंग दोन’ असं आहे. ती दुसऱ्या खोलीत जाते: पलंगावर गुंडाळलेली गादी, तिच्यावर सोलांचे डबे, आमसुलांच्या डागांचं जुनं वर्तमानपत्र, डब्यांवर धूळ. या पलंगावर कित्येक वर्षं कुणी निजलेलं नाही. ती क्षणभर थांबते आणि यादीत लिहिते, ‘पलंग, सागवानी, एक.’ बाकी काही लिहीत नाही. पुढे पोलीस तिला विचारतील, हे आधी का नाही बोललीस, तेव्हा तिच्याकडे धड उत्तर नसेल. तुझं खरं सहावं प्रकरण तिथे आहे.

मग दारोदार पाव टाकणाऱ्या पोदेराला गाठ. कुठल्या घरात किती पाव लागतात आणि कुठल्या दिवसापासून एक वाढला, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असतं? मुलगा गुपचूप येऊन राहिला असेल, तर तो पावाच्या हिशेबात सापडेल.

भांडणाचा प्रसंग छान उतरलाय, त्याला हात लावू नकोस. रायबंदरच्या फेरीबोटीवरचा पाठलाग मात्र काढ. पाठलाग करणारा आणि पळणारा दोघेही त्याच बोटीत, रेलिंगला टेकून, पलीकडचं चोडण बेट येईपर्यंत एकमेकांकडे बघत उभे राहणार.

तुझी,
मावशी