सल्ला देणारे खूप, नाव पुढे करणारं कोणीच नाही

प्रश्न : ताई नमस्कार. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, दहा-अकरा वर्षं झाली. आमच्याकडे लेडीजसाठी मेंटॉरिंग प्रोग्रॅम आहे, माझ्या मेंटॉर मॅडम फार चांगल्या आहेत, कॉन्फिडन्स, कम्युनिकेशन सगळं समजावतात. पण याही वर्षी मॅनेजरची पोस्ट माझ्यानंतर लागलेल्या मुलाला मिळाली. साहेब म्हणतात, "काम छानच आहे गं, जरा व्हिजिबल हो." म्हणजे नक्की काय करू? कस्टमर कम्प्लेंट आली की एटडी (8D) रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा रिपोर्ट, रात्री बसून मीच करते.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : अगं, मॅडमचा सल्ला चांगलाच असेल, पण मला सांग, रेटिंग फायनल होतात त्या मीटिंगला त्या असतात का? बहुतेक नसणार. तुम्ही फॉर्म भरून झाले की चार-पाच हेड एका खोलीत बसतात, जागा दोन आणि नावं आठ, त्यात बेल कर्व सांभाळायचा, म्हणजे वरचं रेटिंग ठरावीक जणांनाच द्यायचं, मग कोणीतरी म्हणतं "हा माझा पोरगा तयार आहे, जबाबदारी माझी" आणि विषय संपतो. तुझ्या नावावर साहेब म्हणत असतील, "हो, ती पण चांगली आहे." या 'पण'वर कोणाला खुर्ची मिळालेली मी तरी पाहिली नाही.

स्वतःची पत पणाला लावून तुझं नाव घेणारा माणूस म्हणजे स्पॉन्सर. व्यवस्थापनाच्या प्राध्यापक हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या मासिकात हेच मांडलं होतं, की बायकांना मेंटॉर भरपूर मिळतात, स्पॉन्सर मिळत नाहीत, आणि म्हणून प्रमोशनला पुरुष पुढे जातात. आपल्याकडचं उदाहरण आयसीआयसीआयचं. नारायणन वाघुळ आणि नंतर के. व्ही. कामत हे प्रमुख असताना ललिता गुप्ते, कल्पना मोरपारिया, शिखा शर्मा, चंदा कोचर यांना मोठमोठ्या विभागांची जबाबदारी मिळाली, नुसतं शाबासकीवर भागवलं नाही. 2009 मध्ये कोचर आयसीआयसीआय बँकेच्या प्रमुख झाल्या आणि शिखा शर्मा अ‍ॅक्सिसच्या.

आता तुझा एटडी. डी फोरला, म्हणजे चौथ्या टप्प्यात, रूट कॉज (मूळ कारण) तू शोधतेस, पण कस्टमरच्या कॉलवर बोलतं कोण? साहेब ना? मग प्लांट हेडला तुझं नाव कळणार कुठून, त्याला पीपीटीवर साहेबांचंच नाव दिसतं. पुढच्या कम्प्लेंटला आधीच सांगून ठेव, "सर, हे प्रेझेंट मी करते, तुम्ही सोबत बसा." आणि मेलमध्ये प्लांट हेड सीसीत असू दे. मग त्याला खरंच छळणारं एखादं काम मागून घे, सारखं रिजेक्शन होणारा एखादा पार्ट वगैरे. "माझे स्पॉन्सर व्हा" असं कोणी कोणाला म्हणत नाही गं, त्याचा त्रास कमी झाला की तोच तुझं नाव घ्यायला लागतो.

तरी एकदा तोंडाने विचारायचंच, "पुढच्या मॅनेजर पोस्टला माझं नाव घ्याल का? नसेल तर काय कमी पडतंय?" हे दिवाळीच्या आसपास विचार, मार्चमध्ये विचारून काय उपयोग, तोवर यादी झालेली असते. मॅडमना सोडू नकोस, उलट प्लांट हेडशी ओळख करून द्यायला त्यांनाच सांग. आणि एकाच माणसावर राहू नकोस, त्याची बदली झाली की तू परत शून्यावर.

प्रश्न : ताई, सिनिअर सरांशी जास्त बोललं की ऑफिसमध्ये कुजबुज सुरू होते, काय करावं?
– नाव नको

उत्तर : मुलं टपरीवर साहेबांसोबत चहा-सिगरेट मारत अर्धं करिअर करून घेतात, त्यावर कोणी कुजबुजत नाही! तू दिवसाढवळ्या, काचेच्या केबिनमध्ये, कामाचा विषय मेलवर टाकून भेट, आणि बिनधास्त भेट, कुजबुजणारे कशावरही कुजबुजणारच. पण सरांचंच वागणं खटकायला लागलं तर मात्र प्रमोशनकडे बघून गप्प बसायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत तक्रार समिती लागते, तिच्याकडे लेखी तक्रार दे, तीन महिन्यांच्या आत.