घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर पेट्रोल वाचतं का?

नाही वाचत, उलट थोडं जास्तच जातं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन जवळजवळ बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. ही बचतीची समजूत जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली.

खरा धोका ब्रेकचा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडी रोखून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट: दोन-चारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने डझनावारी गाड्या ठोकल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं.

जो चढ दुसऱ्या गिअरवर चढता, तो दुसऱ्यावरच उतरा. ब्रेक सतत दाबून धरू नका; वेग वाढला की नीट दाबा, मग सोडा. आणि अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, नियमही तोच आहे.

ऑटोमॅटिक असेल तर नुसत्या 'डी'वर (ड्राइव्ह) विसंबू नका, 'एल' (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर इलेक्ट्रिक मोटर गाडीला नेहमीपेक्षा कमी रोखते, तेवढं ध्यानात ठेवा.