बायबलमधल्या स्त्रियांवर ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहायची आहे. नायिका कोण निवडावी आणि मोकळीक किती घ्यावी?

रूथ, राहाब, एस्तेर आणि बथशेबा अशी चार नावे देऊन तुम्ही विचारले आहे, की यांतली कोण घ्यावी आणि मूळ कथेपासून किती दूर गेलेले चालेल. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही, या प्रकारातल्या कादंबऱ्यांची अधाशी वाचक आहे. त्या नात्याने पहिली सूचना करते: बथशेबा आणि एस्तेर यादीतून काढा.

प्रेमकथेच्या नायिकेला ‘नाही’ म्हणायची सोय हवी. दावीद राजाने गच्चीवरून बथशेबेला पाहिले आणि माणसे पाठवून आणवले. पुढे तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत ऐन धुमश्चक्रीत उभे करून मारवले. नाथान संदेष्टा दोष देतो तो दावीदाला. एस्तेरच्या कथेत साम्राज्यभरातून मुली गोळा करून शूशन या राजधानीतल्या अंतःपुरात ठेवल्या आहेत. बारा महिने तेल-सुगंधांचे उपचार करून एकेकीला एका रात्रीसाठी राजाकडे पाठवले जाते. (हा अहश्वेरोश म्हणजे पर्शियाचा पहिला झर्क्सीस, राज्यकाळ इ. स. पू. ४८६ ते ४६५, असे सहसा मानतात.) त्यावर दरबारी कारस्थानांची कादंबरी झकास होईल. पण चांदण्यात राजाच्या डोळ्यांत हरवून गेलेली एस्तेर दिसली की मी पुस्तक मिटते.

राहाब म्हणजे यरीहो शहरात इस्राएली हेरांना लपवणारी वेश्या. तिची प्रेमकथा यहोशवाच्या पुस्तकात नाहीच. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिच्याबरोबर साल्मोनाचे नाव येते, तेवढ्या धाग्यावर त्याला यरीहोत शिरलेल्या दोन हेरांपैकी एक करता येते. करा खुशाल, हेरांची नावे मूळ कथेत दिलेली नाहीत.

रूथ घेतलीत तर बवाजाला, म्हणजे ती पुढे ज्याच्याशी लग्न करते त्याला, तरणाबांड करू नका. तू तरुणांच्या मागे गेली नाहीस, असे तोच तिला कौतुकाने म्हणतो. वय वाढलेला, जमीनजुमला असलेला माणूस आणि शेतात सरवा वेचून सासूचे पोट भरणारी परदेशी विधवा, यातच कथेची गंमत आहे. रात्री खळ्यावर ती आपण होऊन जाते आणि लग्नाचे तीच विचारते. त्या रात्री आणखी काय घडले ते कथाकाराने धूसर ठेवले आहे, तुम्हीही ठेवा. पेच आहे तो बवाजापेक्षा जवळच्या नातलगाचा. रूथच्या सासरची जमीन सोडवून घेण्याचा पहिला हक्क त्याचा. जमीन म्हटल्यावर तो तयार होतो, जमिनीबरोबर मवाब देशातली ही विधवाही येते म्हटल्यावर आपल्या वतनाचे नुकसान नको म्हणून माघार घेतो आणि वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर, हक्क सोडल्याची खूण म्हणून, पायातले पायताण काढून देतो. असा बिनखलनायकी प्रतिस्पर्धी कल्पनेने रचणेही अवघड.

पण मला निवडायला सांगाल तर मी तुमच्या यादीत नसलेली मीखल घेईन. शौल राजाची धाकटी मुलगी. गीतरत्नासारखे काव्य सोडले, तर जुन्या कराराच्या कथांमध्ये एका स्त्रीचे पुरुषावर प्रेम होते असे सरळ सांगितले आहे ते हिच्याबद्दल. दावीदाचे तिच्यावर प्रेम होते असे मात्र कुठेच म्हटलेले नाही. बाप दावीदाच्या जिवावर उठतो तेव्हा ती त्याला खिडकीतून खाली उतरवते, बिछान्यात घरातली तेराफीम, म्हणजे घरदेवाची, मूर्ती ठेवते, डोक्याशी बकऱ्याचे केस घालते आणि ‘तो आजारी आहे’ म्हणून सांगते. दावीद पळतो तो पळतोच. तो रानोमाळ फिरत असताना शौल मीखलला पालती नावाच्या माणसाला देऊन टाकतो.

आणि खरी प्रेमकथा इथे आहे, असे माझे ठाम मत आहे. काही वर्षांनी दावीद हेब्रोनात राजा होतो, घरात सहा बायका असतात, तरी शौलाच्या घराण्याशी चाललेल्या वाटाघाटीत तो मीखल परत मागतो; शौलाचा जावई असणे त्याला राजकारणात हवे आहे. तिला नेले जात असताना पालती रडत रडत बहूरीम गावापर्यंत मागे चालत जातो. शौलाच्या घराण्याचा सेनापती अबनेर ‘परत जा’ म्हणतो आणि तो परततो. या प्रवासात मीखलच्या तोंडी एक शब्द नाही. कादंबरीकाराला याहून मोठी जागा कोण देणार? तालमूद या यहुदी ग्रंथातल्या रब्बींनाही, म्हणजे धर्मपंडितांनाही, हा माणूस स्वस्थ बसू देत नव्हता. ती दुसऱ्याची बायको म्हणून पालतीने अंथरुणात दोघांच्या मध्ये तलवार रोवली होती, असे ते सांगतात. तलवार ठेवायची की नाही, तुमचे तुम्ही ठरवा.

अडचण शेवटाची. प्रेमकादंबरीच्या वाचकाला गोड शेवट लागतो, आणि मीखल पुढे देवाच्या कराराच्या कोशासमोर, म्हणजे पवित्र पेटीसमोर, नाचणाऱ्या दावीदाला खिडकीतून पाहून मनातून तुच्छ लेखते, त्याला टोचून बोलते आणि मरेपर्यंत निपुत्रिक राहते. यातले काही बदलू नका. स्पष्ट लिहिलेली घटना तशीच ठेवावी. तिच्यामागचे हेतू आणि मधली न सांगितलेली वर्षे तुमची, हा माझ्यापुरता हिशेब. श्रद्धेने वाचणाऱ्यालाही कल्पना खपते, पण प्रसंग उलटा केलेला खपत नाही. हवे तर कादंबरी पालतीच्या घरातल्या वर्षांपुरती ठेवा आणि बहूरीमच्या आधी थांबवा.

काळाच्या तपशिलात बहुतेक जण कापड आणि पैशात घसरतात. रेशमी पडदे नकोत, लोकर आणि लिनन. नाणी अजून निघालेली नाहीत, चांदी तोलून देतात. इस्राएलात तेव्हा लोहार नव्हता. नांगराचा फाळ पाजळायला पलिष्ट्यांकडे, म्हणजे शत्रूकडेच जावे लागे, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. पालतीला शेतकरी केलेत तर हा एक प्रवास अख्खे प्रकरण देईल. एकांताचाही विचार करा. त्या काळच्या अनेक घरांत खाली जनावरे आणि माणसे दाटीवाटीने असत, तेव्हा दोघांचे खासगी बोलणे घराच्या सपाट छतावर, शेतात नाहीतर विहिरीच्या वाटेवर घडवा.

मीखलला आजच्या बाईची भाषणे देऊ नका. ती राजकन्या आहे, घरात मूर्ती आहे, बापाचा शब्द कायदा आहे. तिचे बंड खिडकी, बिछान्यातली मूर्ती आणि धडधडीत खोटे एवढ्यात मावते.

लिहायला बसण्याआधी १ शमुवेल १८, १९ आणि २५, मग २ शमुवेल ३ आणि ६ वाचा. मीखलचा जवळजवळ सगळा मजकूर एवढाच आहे, आणि त्यातही तिच्या वाट्याला थोड्याच ओळी येतात.