नॉब काढून बटणं लावायची आहेत

प्रश्न : काका, एलएम३१७ (व्होल्टेज रेग्युलेटर आयसी) वापरून ३ ते १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय केलाय. पॉट (नॉबने फिरवायचा रेझिस्टर) जुना आहे, फिरवला की व्होल्टेज उड्या मारतं. म्हणून दोन बटणं लावायला एक्स९सी१०३ या डिजिटल पॉटचं मॉड्यूल मागवलं. पॉटच्या जागी सरळ जोडू का? की एमसीपी४१०१० हा दुसरा डिजिटल पॉट घेऊ?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : अजून जोडलं नसशील तर जोडू नकोस. मॉड्यूलवर '१० के' (१० हजार ओहम) छापलेलं असतं आणि सगळे तेवढंच बघतात. मी पीथमपूरला कंट्रोल पॅनल सांभाळायचो तेव्हा नव्या पोरांना आधी हेच विचारायचो : पायावर व्होल्ट किती येणार?

३१७ मध्ये आउटपुट आणि ॲडजस्ट पिन यांच्यात १.२५ व्होल्ट कायम असतात. म्हणजे आउटपुट १२ असताना ॲडजस्ट १०.७५ वर. एक्स९सी१०३ च्या टोकांना ५ च्या वर चालत नाही, आणि एमसीपी४१०१० ला स्वतःच्या सप्लायच्या वर. शिवाय त्या दोन पिनांमधल्या २४० ओहमच्या रेझिस्टरमधून ५ मिलिॲम्पियर वाहतात. एमसीपी४१०१० च्या वायपरची (मधल्या सरकत्या टोकाची) मर्यादा १ मिलिॲम्पियर आहे. ३६ व्होल्टपर्यंत चालणारी एमसीपी४१एचव्ही५१ मिळते, पण हातात मॉड्यूल असताना कशाला खर्च?

(नुसती खरखर घालवायची असेल तर नवा चांगला पॉट लाव, दहा मिनिटांचं काम. पण बटणांची हौस असते, मान्य.)

मॉड्यूलचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला. वायपर एलएम३५८ या ऑप-ॲम्पच्या (व्होल्टेज वाढवणाऱ्या आयसीच्या) प्लस इनपुटला. फीडबॅकला, म्हणजे त्याच्या आउटपुटपासून मायनस इनपुटला, १२ के, मायनसपासून ग्राउंडला १० के, गेन २.२ झाला, म्हणजे व्होल्टेज २.२ पट. ३५८ चं आउटपुट ॲडजस्ट पिनला, त्याचा सप्लाय ३१७ च्या इनपुटवरून, तिथे निदान १५ व्होल्ट हवेत. २४० ओहम आहे तिथेच राहू दे, ग्राउंडकडचा पॉट काढून टाक. सप्लायचं आउटपुट वर १२.२५ पर्यंत जातं. खाली २ च्या आसपास ३५८ हात टेकतो, पण तुला ३ च हवेत. वायपरमधून आता करंट जवळजवळ नाहीच, त्यामुळे १० के खरे ८ निघाले तरी बिघडत नाही. फक्त प्रमाण मोजलं जातं.

एक्स९सी१०३ मध्ये १०० पायऱ्या, म्हणजे दर दाबाला सुमारे ०.११ व्होल्ट. एमसीपी४१०१० मध्ये २५६, जास्त बारीक. तरी तुझ्यासाठी मी पहिलीच घेईन. दुसरी चालू होताना दर वेळी मधोमध उभी राहते : या सर्किटमध्ये पावणेसात व्होल्ट. टेबलावर ३.३ चं बोर्ड जोडलेलं असेल तर गेलंच ते.

एक्स९सी१०३ जागा लक्षात ठेवते. पण आयएनसी (पायरी बदलणारी पिन) हाय असताना सीएस (चिप निवडणारी पिन) हाय केला तरच साठवते, आणि तो साठा १ लाख वेळांपुरता. म्हणून दर दाबाला साठवू नकोस, बटण सोडल्यावर थोडं थांबून एकदाच. आणि बटणांना डिबाउन्स (संपर्काची थरथर गाळणं) घाल, नाहीतर एका दाबाला चार पायऱ्या चढेल.