काचांना फिल्म: एका दुकानात साडेतीन हजार, दुसऱ्यात अठरा हजार, हे कसं?

तुमचा प्रश्न असा: नव्या हॅचबॅकला फिल्म लावायचीय, म्हापशात एकाने साडेतीन हजार सांगितले, पणजीत दुसऱ्याने अठरा हजार, तर यातला लुटतोय कोण? कदाचित कोणीच नाही. दोघं दोन वेगळ्या वस्तू विकतायत, नाव तेवढं एक आहे.

मी फोंड्याचा, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्यावर उभी. मे महिन्यात सुटल्यावर स्टीअरिंगला हात लावायचा तर आधी रुमाल शोधावा लागतो. म्हणून पहिल्या गाडीला चवथीच्या तोंडावर घाईघाईत स्वस्तातली फिल्म लावून घेतली. दुसरा पावसाळा सरला तेव्हा मागची काच जांभळी झाली होती आणि मधोमध तळलेल्या पापडासारखे फोड आले होते. पुढचं सगळं शिक्षण त्या जांभळ्या काचेने दिलं.

आधी एक गैरसमज काढून टाका. काळेपणाचे पैसे पडत नाहीत. गडद फिल्म सगळ्यांत स्वस्त, कारण तिच्यात बहुतेक नुसता रंग असतो आणि उन्हात तोच रंग उडतो. पैसे पडतात ते काच जवळजवळ पारदर्शक ठेवून ऊन अडवायचे. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते. सिरॅमिक फिल्म तेवढी अडवते आणि प्रकाश येऊ देते, म्हणून महाग. मधल्या दरात धातूचा थर असलेली फिल्म मिळते. तीही उष्णता अडवते, पण तिने मोबाइलचा आणि जीपीएसचा सिग्नल कमी होऊ शकतो, आणि पुढच्या काचेवर असली तर फास्टॅग वाचतानाही अडचण येते.

दुकानात एक खेळ हमखास दाखवतात. तापलेला दिवा, समोर फिल्म लावलेला काचेचा तुकडा, आणि 'हात ठेवून बघा'. हाताला गार लागतं, आपण पाघळतो. त्या दिव्यातून बहुतेक इन्फ्रारेडच येतात, त्यामुळे तिथे फिल्म दिसते त्यापेक्षा भारी वाटते. '९५ टक्के उष्णता अडवते' असं म्हणाला तर 'टीएसईआर किती?' एवढंच विचारा. सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी किती अडली, त्याचा हा आकडा असतो आणि पारदर्शक फिल्मचा तो ९५ च्या आसपासही जात नाही. प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

आता कायदा, कारण दरातला मोठा भाग त्यात अडकलाय. मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचेवर फिल्म चिकटवण्यावरच बंदी घातली. (झेड सुरक्षेवाल्यांना सूट होती, म्हणजे ऊन फक्त आपल्यालाच लागतं.) पुढे नियम बदलले आणि १ एप्रिल २०२१ पासून प्लास्टिकचा थर असलेली काच मानकात बसू लागली. त्याच आधारावर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेतली फिल्म चालते असा निकाल दिला. आपल्याकडे मात्र मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ, आणि रस्त्यावरचा पोलीस केरळचा निकाल खिशात घेऊन फिरत नाही. तालांव, म्हणजे दंडाची पावती, मिळू शकतो हे धरूनच चाला.

यातली मेख अशी की दुकानदार 'सत्तर टक्क्यांची आहे, बिनधास्त लावा' म्हणतो तो आकडा नुसत्या फिल्मचा. कंपनीची काचसुद्धा सगळा प्रकाश सोडत नाही. समजा तुमची काच ७८ टक्के सोडते. तिच्यावर ७० ची फिल्म बसली की हाती उरतात जेमतेम ५५ टक्के. बाजूच्या काचांना ते चालेल, पुढच्या-मागच्यांना नाही. तिथे नव्वदीच्या आसपासची अगदी पारदर्शक फिल्म लागते, आणि अठरा हजारांतले बरेचसे पैसे त्या दोन काचांतच जातात. प्रकाश मोजायच्या मीटरवर फिल्म लावण्याआधीचा आणि नंतरचा आकडा दाखवायला सांगा. बिलावर फिल्मचं नाव आणि टक्के लिहून घ्या, वॉरंटी कार्ड गाडीतच ठेवा.

मजुरीत खरं काम मागच्या काचेचं. ती दोन्ही दिशांनी गोल असते, फिल्म सपाट. आधी बाहेरून पसरून हीट गनने आकसवायची, मग आतून चिकटवायची. घाई झाली की कडांना सुरकुत्या. जुनी फिल्म असेल तर ती काढायचे पैसे वेगळे पडतात, आणि ते कमी करायला लावू नका. मी लावले. पोऱ्याने उरलेला गोंद ब्लेडने खरवडला आणि डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, दोन तारा कापल्या. आता जुलैत अनमोड घाटात बटण दाबलं की मागची काच स्वच्छ होते, फक्त दोन धुकट पट्टे तसेच राहतात.

बाकी फरक सरळ आहेत. एसयूव्हीला काच जास्त, फिल्म जास्त. परदेशी नावाला जास्त दर. गरवारेची फिल्म आपल्या छत्रपती संभाजीनगरात बनते, ती आधी विचारून बघा. १८ टक्के जीएसटी दरात धरलाय की वर लावणार, हे सुरुवातीलाच विचारा.

दुसऱ्या खेपेला मी कुर्टीला गेलो. तिथल्या काकांनी दर सांगायच्या आधी पंखा बंद केला आणि फरशीवर पाणी शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. बाजूच्या काचांना सिरॅमिक आणि मागे पारदर्शक, मिळून नऊ हजार झाले. पुढची काच तशीच ठेवली, तिला मी उन्हाची घडीची जाळी लावतो.

लावल्यावर चार दिवस काचा खाली करू नका; पावसाळ्यात असाल तर आठवडाभर. आत पाण्याचे बारीक फुगे दिसतील, ते वाळून जातात, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. फुग्यात काळा ठिपका दिसला तर ती धूळ, ती वाळत नाही. तेव्हा भांडा.