व्हॉल्व्ह नुसते घासून भागेल का?

प्रश्न : माझी १९७२ सालची पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर चोर्ला घाट चढताना दम टाकते. तीन नंबरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बाकीच्यांच्या निम्मंच भरतं. सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर सोडते. मिस्त्री म्हणतात, हेड उतरवून पेस्टने व्हॉल्व्ह घासून देतो. तेवढ्याने भागेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायची घाई नको. इंजिन थंड असताना, रेडिएटरकडून मोजत, पाचव्या टॅपेटमध्ये, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरचा जळका वायू बाहेर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) व्हॉल्व्हवरच्या फटीत, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहा. फट उरलीच नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन तिथूनच जातं. फट ठीक असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा.

आमचा संशय पाच नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर आहे. या १४८९ सीसी इंजिनात दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांना मिळून एकच एक्झॉस्ट पोर्ट (जळका वायू जायची वाट) आहे, त्यामुळे चौथा आणि पाचवा व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून तापतात. त्यात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून मिटतो त्या कड्याला, शिशाच्या थराचं मिळणारं संरक्षण गेलं. सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो, तशी टॅपेटची फट घटते आणि शेवटी व्हॉल्व्हची कड जळते.

निळा धूर मात्र गाइडची, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिची, तक्रार सांगतो. ढिल्या गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुलतो, दर वेळी सीटवर वेगळ्या जागी टेकतो. कितीही सुंदर घासा, थोड्या दिवसांत पुन्हा गळणार. म्हणून आधी गाइड, मग सीट. नवा गाइड ठोकल्यावर सीट त्याच्याच केंद्रावर ४५ अंशांत कापून घ्यावी लागते. बेळगावच्या उद्यमबागेत अशा मशिनकामाची वाण नाही. तिथेच एक्झॉस्टला कडक सीटही बसवून घ्या. पेस्ट शेवटी, अगदी हलक्या हाताने. व्हॉल्व्हच्या तोंडावर कुठेही न तुटलेलं, मंद राखाडी कडं उमटलं की थांबा. पेस्टचा कण गाइडमध्ये राहिला तर नवा गाइडही खाऊन टाकतो, तेव्हा सगळं रॉकेलने धुऊन काढा.

हेड खोलताना आधी पाणी काढा. रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या दांड्यांचे, काही नट हेडलाही धरून असतात. सगळे नट थोडेथोडे, आळीपाळीने सोडा, नाहीतर हेड वाकतं. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणाऱ्या सळ्या) पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. स्टेमवरची (व्हॉल्व्हच्या दांडीवरची) रबरी रिंग स्प्रिंग दाबल्यावर, कॉटर (स्प्रिंग अडकवणाऱ्या खिळी) घालायच्या आधी चढवा; आधी चढवली तर फाटते आणि धूर तसाच राहतो.

टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. नऊचा हिशेब लावा, म्हणजे उघडा व्हॉल्व्ह आणि फट लावायचा व्हॉल्व्ह यांच्या नंबरांची बेरीज नऊ : चौथा पूर्ण उघडा असताना पाचवा, आठवा उघडा असताना पहिला. पाचशे-आठशे किलोमीटर चालल्यावर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा, पाचवा सर्वांत आधी.