स्वस्तातला उपचार घेतला म्हणजे आपण कमी पडलो का?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर हल्ला करते) साथ आली तेव्हा हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकला, त्यातलीच ही धायरीच्या एका ताईंची गोष्ट (ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही). नवऱ्याला आधी जुलाब, मग आठवड्याभरात पाय लुळे, मग हात. डॉक्टर म्हणाले प्लाझ्मा एक्स्चेंज करू. ताई माझ्यासमोर बसून नुसतं ओढणीचं टोक पिळत होत्या. "मॅडम, सगळं रक्तच काढणार का हो?"

मी लगेच समजवायला लागले, माझी जुनी खोड. मानेतल्या शिरेत नळी घालतात, रक्त मशीनमधून फिरतं, पेशी परत अंगात जातात, फक्त पिवळट प्लाझ्मा काढून घेतात कारण नसांवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीज त्यात असतात, त्याच्या जागी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन भरतात. डायलिसिससारखं कायमचं नाही, साधारण पाच वेळा, बहुतेक एक दिवसाआड. "मग एकदाच का नाही काढत?" म्हटलं, ताई, विहीर उपसली तरी झऱ्याचं पाणी येतंच ना, तशा बाकी अंगातल्या अँटीबॉडीज परत रक्तात उतरतात.

हे पटलं, पण चेहरा उतरलेलाच.

मग खरं काय ते निघालं. दीर म्हणत होते आयव्हीआयजीची (दात्यांच्या रक्तातल्या चांगल्या अँटीबॉडीज शिरेतून देतात ती) इंजेक्शनंच भारी, प्लाझ्मा म्हणजे गरिबांचं. ७० किलोच्या माणसाला १४० ग्रॅम लागतं, म्हणजे ५ ग्रॅमच्या २८ बाटल्या, खर्चाचा आकडा ऐकूनच पोटात गोळा येतो. ताई मंगळसूत्र मोडायला निघालेल्या. मी एवढा वेळ रक्तावरच बोलत बसले होते!

सांगितलं, १९९७ साली ३८३ पेशंटवरचा मोठा अभ्यास आलाय, कुणाला प्लाझ्मा, कुणाला इंजेक्शन, कुणाला प्लाझ्मा करून वर इंजेक्शन, तिन्हीत म्हणावा असा फरक नाही पडला. बीपी फार वरखाली होत असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टर इंजेक्शनकडे वळतात, ते वेगळं. पण पैसे जमवण्यात दिवस घालवू नका, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालेलं बरं.

शेवटी प्लाझ्माच केला. तिसऱ्या वेळी नवऱ्याच्या ओठांना मुंग्या आल्या, रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये घालतात त्या सायट्रेटने कॅल्शियम उतरतं म्हणून, तर ताईच सिस्टरकडे धावल्या. मंगळसूत्र गळ्यातच होतं. धरून धरून चालायला चार महिने लागले, आणि दीर अजून म्हणतात, इंजेक्शन दिलं असतं तर लवकर उठला असता.